भरती पेशंटची एचआयव्ही तपासणी: कोणासाठी आणि कशी

ऑपरेशनसाठी दवाखान्यात भरती झालं की पहिल्या काही तासांतच रक्ताच्या तपासण्यांची चिठ्ठी हातात पडते. सीबीसी, शुगर, क्रिएटिनिन, रक्तगट, आणि शेवटी तीन नावं: एचआयव्ही, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीसाठी), एचसीव्ही (हिपॅटायटिस सीसाठी). नातेवाईक चिठ्ठी घेऊन लॅबकडे धावतो, सिस्टर रक्त काढून घेते आणि त्या शेवटच्या तीन नावांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. कधी एखाद्या काकांची नजर त्या ओळीवर जाते आणि त्यांना ते लागतं. "मले काऊन करता जी ही टेस्ट? आमच्या घरात असं काही नाही." उत्तर येतं, "सगळ्यांचीच करतो काका, नियम आहे."

सगळ्यांची करत असतील, पण असा नियम नाही. देशाचा कायदा याच्या उलट सांगतो: पेशंटला समजावून, त्याची परवानगी घेऊनच ही तपासणी करा, आणि तपासणी केली नाही म्हणून उपचार अडवू नका. तरीही भरती पेशंटची एचआयव्ही तपासणी कितीतरी वेळा त्याचा जीव वाचवते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि गोंधळ इथेच होतो. तो सोडवायचा तर एकच प्रश्न आधी विचारायला हवा: ही तपासणी कोणासाठी चालली आहे, पेशंटसाठी की दवाखान्यासाठी?

पेशंटसाठी

नागपूरचे दवाखाने फक्त नागपूरकरांचे नाहीत. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीपासून ते पलीकडच्या बालाघाट, छिंदवाडा, राजनांदगावपर्यंतचे पेशंट इथे येतात. बरेच जण गावाकडे दोन-तीन डॉक्टर करून, आजार बळावल्यावरच येतात. समजा, गोंदियाकडचा एक पस्तिशीतला शेतकरी भरती झाला. महिना-दीड महिना ताप, वजन उतरलेलं, तोंडात पांढरे चट्टे, आणि आता चार पावलं चाललं तरी दम लागतो. एक्स-रेमध्ये दोन्ही फुफ्फुसं धूसर. वरवर पाहिलं तर निमोनिया. नेहमीची अँटिबायोटिक्स सुरू होतील, चार दिवस वाट पाहतील, मग औषध बदलतील. पण हा एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती ढासळल्यावर होणारा न्यूमोसिस्टिस नावाचा निमोनिया असेल, तर त्याचं औषध वेगळं आहे. कोट्रायमोक्साझोल हे जुनं, स्वस्त औषध मोठ्या मात्रेत द्यावं लागतं आणि ते जितकं लवकर सुरू होईल तितकी आशा जास्त. पहिल्याच दिवशी एचआयव्हीची तपासणी झाली, तर वाट पाहण्यात गेलेले ते चार दिवस वाचतात.

असेच इतर इशारे आहेत. तरुण वयात उठलेली नागीण, महिनाभर न थांबणारी हगवण, आठवडेच्या आठवडे राहणारी डोकेदुखी आणि त्यासोबत ताप, अंगावर बऱ्याच ठिकाणी सुजलेल्या गाठी. यातलं काही दिसलं तर तपासणी सुचवणं हे डॉक्टरांचं कर्तव्यच आहे. डोकेदुखीचं उदाहरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ती क्रिप्टोकॉकस या बुरशीमुळे झालेली मेंदूच्या आवरणाची सूज असेल, तर आधी बुरशीचं औषध द्यावं लागतं आणि एचआयव्हीची औषधं चार ते सहा आठवडे मुद्दाम थांबवावी लागतात. घाईने लगेच सुरू केली तर नव्याने जागी झालेली प्रतिकारशक्ती मेंदूतली सूज वाढवते आणि पेशंट दगावू शकतो. म्हणजे एचआयव्ही आहे की नाही एवढं कळल्यावर काम संपत नाही. कुठला उपचार आधी आणि कुठला नंतर, हेही त्याच उत्तरावर ठरतं.

क्षयाचं तसंच. टीबीचं निदान झालेल्या प्रत्येक पेशंटला आपल्याकडच्या राष्ट्रीय कार्यक्रमात एचआयव्हीची तपासणी सुचवली जाते. एचआयव्ही असलेल्या माणसाला टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो, आणि एचआयव्हीने होणाऱ्या मृत्यूंमागे टीबी हे फार मोठं कारण आहे. शिवाय औषधांचीही गाठ पडते. टीबीतलं रिफॅम्पिसिन हे औषध एचआयव्हीच्या डोलुटेग्रॅविरचं रक्तातलं प्रमाण खाली आणतं, म्हणून अशा पेशंटला डोलुटेग्रॅविर दिवसातून एकदाऐवजी दोनदा द्यावं लागतं. टीबीच्या डॉक्टरांना एचआयव्हीचं माहीत नसेल किंवा एचआयव्हीच्या डॉक्टरांना टीबीचं माहीत नसेल, तर दोन्ही उपचार बरोबर लिहिलेले असूनही चुकतात.

इथे एक गोष्ट डॉक्टर मंडळींना सांगाविशी वाटते. तपासणी कुणाला सुचवायची हे चेहरा पाहून ठरवू नका. पन्नाशीच्या, डोक्यावर पदर घेतलेल्या बाईला महिनाभर जुलाब होत असले तर तिला विचारायला जीभ रेटत नाही, आणि एकट्या राहणाऱ्या तरुण मजुराला मात्र न विचारताच रक्त काढलं जातं. दोघांवर अन्याय होतो. तिचं निदान राहून जातं, आणि त्याच्या माथी संशय लागतो. लक्षणं पाहून ठरवा आणि सगळ्यांना सारखंच विचारा.

गरोदर बाईच्या बाबतीत तर वाद घालण्यासारखं काही उरतच नाही. उपचार काहीच झाले नाहीत, तर एचआयव्ही असलेल्या आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण शंभरात १५ ते ४५ असतं. आईला वेळेवर औषधं मिळाली आणि बाळाला जन्मानंतर काही आठवडे औषध दिलं, तर ते पाचाच्या खाली येतं, अनेकदा त्याहूनही कमी. नऊ महिन्यांत एकदाही तपासणी न झालेली बाई कळा सुरू असताना दवाखान्यात पोहोचली, तरी लेबर रूममध्ये झटपट तपासणी करून बाळाला वाचवता येतं. एवढ्या शेवटच्या क्षणीही काही करता येईल असे आजार फार थोडे.

तपासणी नेमकं काय शोधते

नेहमीची एचआयव्ही तपासणी विषाणूला थेट शोधत नाही. विषाणू शिरल्यावर शरीर त्याच्याविरुद्ध जी प्रतिपिंडं तयार करतं, ती शोधते. रात्री रानडुक्कर शेतात येऊन गेलं हे आपल्याला सकाळी पावलांवरून कळतं, तसंच हे. आणि पावलं उमटायला वेळ लागतो. लागण झाल्यापासून प्रतिपिंडं मोजण्याइतकी होईपर्यंतच्या काळाला विंडो पिरियड म्हणतात. कार्डवरच्या झटपट तपासणीत तो तीन महिन्यांपर्यंत असू शकतो. प्रतिपिंडांसोबत विषाणूचा एक अंशही शोधणाऱ्या नव्या लॅब तपासण्या बहुतेक वेळा साधारण ४५ दिवसांत लागण पकडतात. या काळात माणूस निगेटिव्ह दिसतो आणि त्याच काळात त्याच्या रक्तात विषाणू भरपूर असतो. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे सर्जनच्या भीतीबद्दल बोलताना ती लागणार आहे.

तपासणी प्रतिपिंडंच शोधते, म्हणून नवजात बाळाची साधी तपासणी काही सांगत नाही. आईची प्रतिपिंडं नाळेतून बाळात उतरतात आणि दीड वर्षापर्यंत राहू शकतात, त्यामुळे बाळाला लागण झालेली नसतानाही तपासणी पॉझिटिव्ह येते. म्हणून बाळासाठी सहाव्या आठवड्यापासून विषाणूचं जनुकच शोधणारी पीसीआर तपासणी करतात. घरच्यांनी पहिला रिपोर्ट पाहून रडारड करण्याआधी त्यांना हे सांगायला हवं.

विदर्भात हा विंडो पिरियड आणखी एका कारणाने महत्त्वाचा ठरतो. सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या जन्मजात आजारांची मुलं इथे पुष्कळ आहेत, आणि थॅलेसेमियाच्या मुलाला आयुष्यभर वारंवार रक्त चढवावं लागतं. २०२२ साली नागपुरात थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याची आणि त्यातलं एक मूल दगावल्याची बातमी आली, तेव्हा देशभर खळबळ उडाली. रक्तपेढीत प्रत्येक पिशवी तपासणं बंधनकारकच आहे. पण रक्त देणारा विंडो पिरियडमध्ये असेल तर प्रतिपिंडं शोधणाऱ्या तपासणीतून ती पिशवी सुटू शकते. विषाणूचं जनुक शोधणारी नॅट तपासणी हा काळ बराच कमी करते, शून्य मात्र करत नाही. वारंवार रक्त लागणाऱ्या मुलांना नॅट केलेलंच रक्त मिळावं, ही पालकांची मागणी अगदी रास्त आहे. ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांनी रक्तपेढीत हा प्रश्न दरवेळी विचारावा. कुणी कंटाळलं तरी विचारावा.

आता रिपोर्टवरच्या शब्दांकडे येऊ. पहिल्या तपासणीवर "रिॲक्टिव्ह" लिहून आलं, म्हणजे एचआयव्ही आहे असं ठरलं नाही. पुढे तपासायला हवं, एवढाच त्याचा अर्थ. कारण साध्या गणितात आहे. भारतात मोठ्या माणसांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे, म्हणजे १० हजारांत २० जण. समजा, तपासणी इतकी चांगली आहे की लागण नसलेल्या हजार जणांपैकी फक्त पाच जणांना ती चुकून रिॲक्टिव्ह दाखवते. तरी उरलेल्या ९,९८० जणांत सुमारे ५० जण चुकीचे रिॲक्टिव्ह निघतील. म्हणजे एकूण ७० रिॲक्टिव्ह रिपोर्टांपैकी खरे फक्त २०. हर्नियासाठी किंवा मोतीबिंदूसाठी आलेल्या, कुठलंही लक्षण नसलेल्या माणसाच्या हातात पहिला रिॲक्टिव्ह रिपोर्ट पडतो, तेव्हा तो चुकीचा असण्याची शक्यता खरा असण्यापेक्षा जास्त असू शकते.

म्हणूनच राष्ट्रीय पद्धतीत तीन वेगवेगळ्या किटवर एकामागून एक तपासणी करतात आणि तिन्ही रिॲक्टिव्ह आल्या तरच पॉझिटिव्ह म्हणतात. उत्तरं जुळली नाहीत तर काही आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतात. हे काम सरकारी दवाखान्यांतल्या आयसीटीसीमध्ये, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात मोफत होतं. नागपुरात मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज) आणि मेयो या दोन्ही सरकारी दवाखान्यांत ही सोय आहे. खाजगी लॅबचा एकच रिॲक्टिव्ह रिपोर्ट हातात आला तर तोच घेऊन तिथे जा. त्या एका कागदावर ऑपरेशन रद्द करणारा, नातेवाइकांना बोलावून सांगणारा किंवा लग्न मोडायला लावणारा कुणीही असो, तो वैद्यकशास्त्राच्या नावाखाली अंदाज बांधतो आहे.

विचारून करायची ती कशी

२०१७ साली संसदेने एचआयव्ही-एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा केला आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. भरती पेशंटच्या दृष्टीने त्यातल्या दोन गोष्टी मुख्य. पहिली: पेशंटला माहिती देऊन, त्याची किंवा त्याच्या प्रतिनिधीची संमती घेतल्याशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही, आणि तपासणीच्या आधी व नंतर समुपदेशन हा त्या संमतीचाच भाग आहे. दुसरी: उपचार मिळवण्यासाठीची अट म्हणून ही तपासणी लादणं हा भेदभाव आहे आणि त्याला बंदी आहे. संमतीला अपवाद मोजकेच. कोर्टाचा आदेश, परवानाधारक रक्तपेढीतली रक्ताची छाननी, अवयव-ऊती किंवा वीर्य दानाची प्रक्रिया, आणि कुणाचं रक्त आहे हे ओळखता येणार नाही अशी केलेली पाहणी. "ऑपरेशन आहे" हा अपवाद त्या यादीत नाही.

भरती होताना ज्या लांबलचक छापील कागदांवर सही घेतात, त्यांच्यात एका कोपऱ्यात "आवश्यक त्या सर्व तपासण्यांना संमती" असं लिहिलेलं असतं. त्याला या कायद्याच्या अर्थाने संमती म्हणता येणार नाही, कारण पेशंटला काही सांगितलेलंच नसतं.

वॉर्डात काम करणाऱ्यांची अडचण मला समजते. एका रेसिडेंटच्या अंगावर किती पेशंट असतात, हे सरकारी दवाखान्यात एक रात्र काढलेल्या कुणालाही ठाऊक आहे. प्रत्येकाला अर्धा तास समुपदेशन कुठून करायचं? पण मुळात अर्धा तास लागतच नाही. समजेल अशा बोलीत दोन-तीन वाक्यं पुरतात. "काका, तुमचा ताप बरेच दिवसांचा आहे, त्याचं कारण शोधायले आपण काही तपासण्या करू. त्यात एचआयव्हीचीबी आहे. ते असलं तर त्याची चांगली गोळी आहे, फुकट भेटते, आणि मग तापाचा इलाजबी नीट होते. रिपोर्ट फक्त तुम्हालेच सांगू. तुम्ही नाही म्हटलं तरी बाकी उपचार थांबणार नाही. करू ना?" यात तपासणी का, पॉझिटिव्ह आली तर काय, रिपोर्ट कुणाला कळेल आणि नाही म्हणता येईल का, हे चारही मुद्दे येतात. मोठं समुपदेशन रिपोर्ट आल्यावर, ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी समुपदेशक करतील.

काही देशांत याच्या पुढे गेले आहेत. इंग्लंडमध्ये २०२२ पासून लंडन आणि एचआयव्हीचं प्रमाण जास्त असलेल्या आणखी काही शहरांत, इमर्जन्सी विभागात आलेल्या माणसाचं इतर कारणाने रक्त काढलं की त्यात एचआयव्हीचीही तपासणी होते, पेशंटने नको म्हटलं नाही तर. तिथेही फलक लावून, सांगून करतात आणि नकार देता येतो. या पद्धतीने माहीत नसलेले बरेच पेशंट सापडतात आणि कुणा एकाकडे बोट दाखवल्यासारखं होत नाही, हा तिचा मोठा फायदा. आपल्याकडे "सगळ्यांचीच करतो" म्हणणारे कधीकधी याच पद्धतीचं नाव पुढे करतात. फरक एवढाच की तिथे सगळ्यांना सांगतात, आणि आपल्याकडे बरेचदा सगळ्यांपासून लपवतात.

सर्जनची भीती

ऑपरेशनआधी ही तपासणी होते, तेव्हा ती बहुतेक वेळा पेशंटसाठी नसते. ती ऑपरेशन थिएटरमधल्या माणसांच्या भीतीपोटी होते. ही भीती खोटी नाही. हाडाच्या ऑपरेशनमध्ये तुटलेल्या हाडाची टोकं ग्लोव्हज फाडतात, टाके घालताना सुई बोटात जाते. ज्याच्या हातावर हे घडतं, त्याला पुढचे काही आठवडे झोप लागत नाही. त्या माणसाला "घाबरू नका" म्हणून वाटेला लावणं योग्य नाही.

पण भीतीवर इलाज म्हणून ही तपासणी निकामी आहे. विंडो पिरियडमधला पेशंट निगेटिव्ह दिसतो आणि तोच सर्वात जास्त धोक्याचा. रात्री अपघात होऊन आलेल्या, रक्ताने माखलेल्या पेशंटचा रिपोर्ट येईपर्यंत थांबताच येत नाही. आणि सुईतून एचआयव्हीच एकटा येत नाही. एचआयव्ही असलेल्या माणसाला वापरलेली सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन. हिपॅटायटिस सीची शंभरात दोनच्या आसपास. हिपॅटायटिस बीची, लस न घेतलेल्या माणसाला, शंभरात ६ ते ३०. हे आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहा. जिची भीती सर्वात जास्त वाटते तिचीच शक्यता सर्वात कमी, आणि जिची शक्यता सर्वात जास्त तिच्यावर लस आहे. तरी हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस पूर्ण न केलेले कर्मचारी दवाखान्यांत सापडतात, आणि त्यांत सफाई करणाऱ्या मावशी आणि वॉर्डातले मामा सर्वात पुढे असतात. त्यांना लसीबद्दल कुणी विचारलेलंच नसतं.

म्हणून जगभर एकच तत्त्व मान्य आहे: प्रत्येक पेशंटचं रक्त संसर्ग असलेलंच आहे असं समजून काम करा. ग्लोव्हज, गरज तिथे चष्मा आणि ॲप्रन. वापरलेल्या सुईवर टोपण परत लावायचं नाही. धारदार वस्तू थेट पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात. हे सगळ्यांसाठी केलं तर "एचआयव्हीच्या केससाठी वेगळं किट" अशी कल्पनाच उरत नाही. पॉझिटिव्ह पेशंटच्या बिलात त्या किटच्या नावाने जादा रक्कम लावणं किंवा त्याचं ऑपरेशन दिवसाच्या शेवटी ढकलत राहणं, याला सावधगिरी म्हणता येत नाही. आणि निगेटिव्ह रिपोर्ट पाहून जो हात सैल सोडतो, तो स्वतःलाच फसवतो.

आणि सुई टोचलीच तर? साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. दाबून रक्त काढत बसू नका, स्पिरिट किंवा ब्लीच लावू नका. लगेच वरिष्ठांना कळवा. एचआयव्हीविरोधी औषधांचा २८ दिवसांचा कोर्स, ज्याला पेप म्हणतात, शक्यतो दोन तासांच्या आत सुरू करा. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग धरत नाहीत. ज्या पेशंटसाठी ती सुई वापरली होती त्याला घडलेलं खरंखरं सांगून तपासणीची संमती मागा. प्रामाणिकपणे सांगितलं तर बहुतेक लोक हो म्हणतात. पण त्याच्या रिपोर्टसाठी पहिला डोस अडवून ठेवू नका, रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि धोका नसेल तर तज्ज्ञ तो थांबवू शकतात. सुरक्षेची साधनं, प्रशिक्षण आणि पेप देणं ही याच कायद्याने दवाखान्यावर टाकलेली जबाबदारी आहे. थिएटरच्या दारावर पेपची पहिली गोळी कुठे ठेवली आहे हे लिहिलेलं असेल, तर रात्री दोन वाजता बोटात सुई गेलेल्या इंटर्नला त्याचा उपयोग शंभर ऑपरेशनआधीच्या रिपोर्टांपेक्षा जास्त होईल.

रिपोर्ट कुणाच्या हाती

कायदा म्हणतो की एचआयव्हीची स्थिती पेशंटच्या लेखी संमतीशिवाय उघड करायची नाही. उपचारात प्रत्यक्ष सहभागी असलेल्या दुसऱ्या डॉक्टरला किंवा सिस्टरला, उपचारासाठी गरज असेल तेवढं सांगता येतं. वॉर्डातल्या सगळ्यांना नाही.

पण गळती कायद्याच्या कलमांतून होत नाही, ती रोजच्या सवयींतून होते. केस पेपर आणि फाइल नातेवाइकाच्या हातात देऊन "एक्स-रे करून आणा" म्हणतात आणि तो लिफ्टमध्ये फाइल उघडून वाचतो. कधी फाइलच्या मुखपृष्ठावर लाल शाईने लिहिलेलं असतं, कधी पलंगाच्या पायथ्याशी पाटी लावलेली असते. लॅबचा रिपोर्ट पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर जातो, तो भरतीच्या फॉर्मवर ज्याचा मोबाइल नंबर लिहिला त्याला. म्हणजे कधी मेहुण्याला, कधी पुतण्याला, कधी शेजाऱ्याला. खाजगी लॅबमध्ये नमुना देताना "रिपोर्ट या नंबरवर, फक्त मला" असं पेशंट सांगू शकतो, आणि दवाखान्यानेही हा एक प्रश्न भरतीच्या वेळीच विचारायला हवा.

निदान सांगायचं ते पेशंटला, एकट्याला. त्याला उठता येत असेल तर समुपदेशकाच्या खोलीत. येत नसेल तर पडदा ओढून, नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर बसवून, हलक्या आवाजात. "आईला सांगू नका, तिला झेपणार नाही, मला सांगा" म्हणणारा मुलगा मनापासून बोलत असतो, पण शुद्धीवर असलेल्या आईचा रिपोर्ट आईचाच असतो.

जोडीदाराचं काय? हा प्रश्न अवघड आहे आणि कायद्याने तो विचारपूर्वक हाताळला आहे असं मला वाटतं. जोडीदाराला धोका आहे, पेशंटचं समुपदेशन करूनही तो स्वतः सांगणार नाही अशी खात्री पटली आहे, आणि आपण सांगणार आहोत हे पेशंटला आधी कळवलं आहे, अशा वेळी डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला प्रत्यक्ष भेटून, समुपदेशन करत सांगू शकतात. पण पेशंट बाई असेल आणि नवऱ्याला कळल्यावर तिला मारहाण होईल, घराबाहेर काढतील, तिच्या किंवा मुलांच्या जिवाला बाधा होईल अशी रास्त भीती असेल, तर सांगायचं नाही. बाळंतपणात तपासणी झाल्यामुळे घरात सर्वात आधी बाईचंच निदान होतं, आणि मग "हिनेच आणलं" म्हणून तिलाच दोष लागतो. कायदा करणाऱ्यांनी हे ओळखलं होतं.

वीस किंवा अधिक माणसं काम करतात अशा प्रत्येक आरोग्य संस्थेत या कायद्याखाली तक्रार अधिकारी नेमायचा असतो, आणि राज्य पातळीवर लोकपाल. लोकपालाने ३० दिवसांत निर्णय द्यायचा, आणि एचआयव्ही असलेल्या माणसाचा उपचार तातडीचा असेल तर शक्यतो २४ तासांत. ऑपरेशन नाकारलं गेलं तर आधी ते कारण लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की बरेचदा ऑपरेशनची तारीख मिळते.

पॉझिटिव्ह आल्यावर

एचआयव्हीची औषधं भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. आधी सीडी४ पेशी, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, ठराविक आकड्याच्या खाली गेल्यावरच औषधं सुरू करत. २०१७ पासून निदान झालेल्या प्रत्येकाला, सीडी४ कितीही असो, उपचार देण्याचं धोरण आहे. आज बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिव्हुडीन आणि डोलुटेग्रॅविर एकत्र असलेली रोज एक गोळी लागते. ती नियमित घेतली की काही महिन्यांत रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी होतो, आणि तो तसा राहिला तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. तपासणीला घाबरणाऱ्या माणसाला ही शेवटची ओळ सगळ्यात आधी सांगावी असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे लोकांच्या मनातला एचआयव्ही अजून नव्वदच्या दशकातल्या भिंतीवरच्या पोस्टरवरचाच आहे.

ज्या कारणासाठी पेशंट भरती झाला, ते कारण रिपोर्टमुळे नाहीसं होत नाही. मोडलेलं हाड बसवायचंच असतं, अपेंडिक्स काढायचंच असतं. सीडी४ फार कमी असेल, २०० च्या खाली, आणि ऑपरेशन थांबण्यासारखं असेल, तर आधी प्रकृती सुधारून मग करण्याचा सल्ला डॉक्टर देऊ शकतात. तो पेशंटच्या हिताचा निर्णय असतो आणि त्याचं कारण समजावून सांगता येतं. टाळाटाळ आणि असा सल्ला यातला फरक पेशंटला कळतो.

सर्वात जास्त माणसं हरवतात ती डिस्चार्जच्या दिवशी. मेडिकलमध्ये निदान झालं, एआरटी केंद्राची, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्राची चिठ्ठी मिळाली, आणि पेशंट गडचिरोलीच्या बसमध्ये बसून गेला तो गेलाच. म्हणून भरती असतानाच, पलंगावर असतानाच एआरटी केंद्रात नाव नोंदवून पहिली औषधं हातात द्यायला हवीत. पुढची औषधं नागपूरहूनच घ्यावी लागत नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एआरटी केंद्रात नाव बदलून घेता येतं, आणि गावात ओळखीचे भेटतील म्हणून कुणाला उलट नागपूरच हवं असेल तर तेही चालतं. डिस्चार्ज कार्डावर काय लिहिलं आहे ते घरी जाण्याआधी वाचून घ्या. ते कार्ड पुढे गावातला डॉक्टर, मेडिकल स्टोअरवाला आणि रजेच्या अर्जासोबत साहेबही बघणार असतो. एआरटीची माहिती वेगळ्या कागदावर द्या म्हणून सांगता येतं. आणि गावी गेल्यावर औषध संपलं, अंगावर पुरळ आलं किंवा नुसतंच कुणाशी बोलावंसं वाटलं तर १०९७ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे, नाव न सांगताही बोलता येतं.